बाबा ट्रायलमध्ये, मग सही माझी कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांना अल्झायमरची सुरुवात झालीये, एका नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये त्यांना घ्यायचं चाललंय, आणि तिथे मुलीच्या हातात दोन संमतीपत्रं दिली, एक वडिलांचं आणि एक तिच्या स्वतःच्या नावाचं, 'स्टडी पार्टनर' म्हणून. तिचं म्हणणं, मी आजारी नाही, औषध मी घेणार नाही, मग माझी सही कशाला, आणि उद्या मला नाही जमलं तर बाबांचं औषध बंद करणार का?

मी गेली १७ वर्षं ट्रायल कोऑर्डिनेटर म्हणून काम करतेय, आधी कॅन्सरच्या अभ्यासांमध्ये आणि नंतर जास्त करून स्मृतिभ्रंशाच्या, त्यामुळे पेशंटइतकेच त्यांचे नातेवाईक माझ्यासमोर बसलेत. हाच प्रश्न मनात घेऊन कितीतरी जण सही करून जातात, विचारत नाहीत. तुम्ही विचारलात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक सांगते. तुम्ही विचारताय सहीबद्दल, पण खरा गुंता सहीचा नाहीये. ट्रायलमध्ये घरचं माणूस एकाच वेळी तीन वेगवेगळी कामं करत असतं आणि तसं त्याला कोणी फोड करून सांगत नाही. पहिलं काम बाबांच्या वतीने किंवा बाबांच्या सोबतीने निर्णय घ्यायचं. दुसरं, बाबा घरी कसे वागतात कसे राहतात ही माहिती द्यायचं. आणि तिसरं म्हणजे तुमच्यावरच अभ्यास होऊ द्यायचं, तुमची झोप, तुमचा ताण, तुमची तब्येत. तिन्हीचे हक्क वेगळे, धोके वेगळे, नाही म्हणायची पद्धतही वेगळी. फॉर्मवर मात्र सगळं 'स्टडी पार्टनर' या एकाच शब्दात बसवलेलं असतं.

तुमच्या बाबतीत नेमकं काय लागू होतं ते बऱ्याच गोष्टींवर आहे. बाबांना अजून किती समजतंय, तुमच्या देशात कायद्याने त्यांच्या वतीने सही कोण करू शकतं, आणि त्या ट्रायलच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायल कशी चालवायची त्याच्या लेखी नियमांमध्ये, काय लिहिलंय. तो प्रोटोकॉल मी पाहिलेला नाही, त्यामुळे खाली जे लिहितेय ते विचार कसा करायचा यासाठी आहे, कागदावर काय असेल ते तुम्हाला तिथेच विचारावं लागेल.

दुसऱ्या कामापासून सुरू करते, कारण तुमची सही मुख्यतः त्यासाठीच मागितली असणार. अल्झायमरमध्ये माणसाचा दिवस कसा जातोय हे रक्ताच्या रिपोर्टमधून कळत नाही. पेशंटला विचारलं तर बरेचदा तो म्हणतो सगळं ठीक आहे, आणि तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं. म्हणून मोजमाप घरच्या माणसाशी बोलून होतं. सीडीआर नावाची मोजपट्टी या ट्रायल्समध्ये खूप वापरतात, त्यात स्मरणशक्ती, दिशा-काळाचं भान, निर्णयक्षमता, बाहेरचे व्यवहार, घरकाम आणि छंद, स्वतःची काळजी असे ६ भाग असतात आणि सगळ्यांची बेरीज ० ते १८ मध्ये येते, जितकी जास्त तितका आजार पुढे गेलेला. ही मुलाखत पेशंटची तर होतेच पण जवळच्या माणसाचीही होते. आता बघा, लेकॅनेमॅब या औषधाचा २०२२ च्या शेवटी जो मोठा निकाल आला त्यात १,७९५ लोक होते, १८ महिने त्यांना पाहिलं, आणि औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटात या बेरजेचा फरक सरासरी ०.४५ इतका होता. अर्ध्या गुणापेक्षाही कमी. एका घरच्या माणसाच्या उत्तराने असा निकाल फिरत नाही हे खरं, पण ती सरासरी शेवटी शेकडो मुली, बायका, नवरे, मुलगे यांनी खुर्चीत बसून दिलेल्या उत्तरांमधूनच आलेली असते ना. म्हणून तुम्ही तिथे नुसत्या सोबत आलेल्या नाही आहात.

आणि इथेच प्रेमापोटी गडबड होते. एक मुलगा मला आठवतो, प्रत्येक व्हिजिटला म्हणायचा आहे तसंच आहे, काही फरक नाही, आणि नर्सने सहज विचारलं तेव्हा कळलं की आई आता अंघोळीला नेऊन सोडल्याशिवाय जात नाही. त्याला भीती होती की आई खालावली असं सांगितलं तर तिला ट्रायलमधून काढतील. उलट एक बाई होत्या, त्या महिन्यात त्यांची स्वतःची पाठ धरलेली, रात्रीची झोप नाही, आणि त्यांच्या उत्तरांमध्ये नवऱ्याचं सगळंच बिघडलेलं दिसलं, जे मागच्या आणि पुढच्या व्हिजिटला तसं नव्हतं. दोघांवरही माझा राग नाही. दमलेला माणूस आजार जास्त मोजतो हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे, आणि पेशंट स्वतःच्या आयुष्याला जितके गुण देतो त्यापेक्षा त्याला सांभाळणारा बहुतेक वेळा कमी देतो, हेही पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते की 'जास्त विसरतात' असं नका सांगू, काय घडलं ते सांगा. मंगळवारी गॅस चालू राहिला. नातवाचं नाव आठवलं पण तो कुठल्या मुलाचा ते नाही आठवलं. एक छोटी वही ठेवा, तारीख आणि घटना, मत नको. आणि तुमची झोप झाली नसेल तर तेही सांगा, ते आम्ही नोंदवतो, लपवायची गोष्ट नाही ती.

शक्यतो माणूस बदलू नका हेही त्यातलंच. एकदा मुलीऐवजी तिचा भाऊ आला, तो महिन्यातून एखाद-दुसरा दिवस दुपारचा भेटणारा, आणि कागदावर आजोबा एकदम सुधारले. ते सुधारले नव्हते, तो त्यांना त्यांच्या चांगल्या वेळेतच बघत होता. म्हणूनच बहुतेक प्रोटोकॉलमध्ये स्टडी पार्टनरचा पेशंटशी आठवड्याला अमुक तास संबंध हवा अशी अट असते, आठ-दहा तास असं बऱ्याचदा दिसतं.

याच कामाचा एक भाग लोक हलक्यात घेतात तो म्हणजे सुरक्षितता. अल्झायमरच्या या नव्या अँटीबॉडी औषधांमध्ये मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होऊ शकतो, खूपदा तो फक्त एमआरआयमध्येच दिसतो, पण कधीकधी डोकेदुखी, वाढलेला गोंधळ, नजरेत फरक, चक्कर अशी लक्षणं येतात. बाबा ते सांगतीलच असं नाही. घरात ते पहिल्यांदा दिसणार तुम्हाला. तुमच्या ट्रायलमधलं औषध कुठलं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे कुठल्या लक्षणाला त्याच दिवशी फोन करायचा आणि रात्री-बेरात्री कुठल्या नंबरवर, हे लेखी मागून घ्या आणि तो कागद समोर दिसेल असा लावा.

आता पहिलं काम, निर्णयाचं. आजार सुरुवातीचा असेल तर बाबा स्वतः समजून सही करू शकत असतील, अल्झायमर आहे म्हणजे समज संपली असं होत नाही. समज आहे की नाही हे डॉक्टरने त्यांच्याशी बोलून ठरवायचं असतं, निदानाच्या कागदावरून नाही. समजत असेल तर निर्णय त्यांचा, तुम्ही फक्त शेजारी. पण ट्रायल दीड-दोन वर्षं चालते आणि मधल्या काळात समज कमी होऊ शकते, तेव्हा निर्णय तुमच्याकडे येतो. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, आत्ताच, ते बोलू शकताहेत तोवर, त्यांना विचारून ठेवा. बाबा, उद्या तुम्हाला नीट सांगता आलं नाही तर हे चालू ठेवू का, कुठवर ठेवू, कशाला नाही म्हणू? कारण जवळच्या माणसाला सगळं माहीत असतं हा आपला समज तपासल्यावर टिकत नाही. २००६ मध्ये असे १६ अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात पेशंटला कुठले उपचार हवे असतील याचा नातेवाईकांचा अंदाज ६८ टक्के वेळा बरोबर आला. म्हणजे साधारण तीनात एकदा चुकला, आणि तोही जवळच्यांचा.

निर्णय तुमच्याकडे आला तरी बाबांचा नकार हा नकारच असतो. हेलसिंकी जाहीरनामा, जो १९६४ पासून जगभरच्या वैद्यकीय संशोधनाचा नैतिक आधार मानला जातो, त्यातही हे आहे की स्वतः संमती देऊ न शकणाऱ्या माणसाला जितकं समजतं तितकं विचारायचं आणि तो नको म्हणाला तर मानायचं. एक आजोबा सुई दिसली की हात मागे घ्यायचे, बोलत काहीच नव्हते. पहिल्या वेळी आम्ही थांबलो, दुसऱ्या दिवशी बोलावलं, तरी तेच, मग तिसऱ्या वेळी मुलीने स्वतःच सांगितलं की आता बस. ती रडत होती कारण तिला वाटत होतं आपण वडिलांची शेवटची संधी घालवली. तिला मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते, ट्रायल म्हणजे उपचाराची हमी नाही. बाबांना औषध मिळेल की प्लासीबो, म्हणजे औषधासारखंच दिसणारं पण औषध नसलेलं, ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, आणि औषध मिळालं तरी ते उपयोगी आहे का हाच तर प्रश्न असतो, उत्तर माहीत असतं तर ट्रायलच केली नसती. सही करताना हे मनात पक्कं असेल तर पुढे थांबायची वेळ आली तरी ते इतकं जड जात नाही.

आता तिसरं काम, ज्याबद्दल तुम्हाला खरंतर सर्वात कमी सांगितलं गेलं असणार. बऱ्याच ट्रायल्समध्ये सांभाळणाऱ्या माणसालाही प्रश्नावल्या देतात. झारिट बर्डन इंटरव्ह्यू ही सर्वात प्रसिद्ध, १९८० पासूनची, आता तिची २२ प्रश्नांची आवृत्ती चालते, प्रत्येकाला ० ते ४ आणि एकूण ८८ पर्यंत. त्यात असं विचारतात की स्वतःसाठी वेळ उरतो का, त्यांच्याजवळ असताना राग येतो का. हे प्रश्न आले की तुम्ही माहिती देणाऱ्या राहत नाही, तुम्ही स्वतः अभ्यासात सहभागी झालेल्या असता. तुमची वेगळी सही म्हणून मागतात आणि ते बरोबरच आहे. उलट वेगळी सही न मागता हे प्रश्न विचारले तर मला ते खटकेल.

हे विचारतात कशाला, तर त्यामागे कारण आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास आला, आजारी जोडीदाराला सांभाळणारे वयस्कर लोक, चार वर्षं पाहिले, आणि ज्यांना त्या सांभाळण्याचा ताण होत होता त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण तसं काम नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघालं. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो आणि ऐकून घरचे लोक घाबरतात. पण त्याच अभ्यासात जे सांभाळत होते पण ताण नव्हता त्यांचा धोका वाढलेला दिसला नाही, हे कोणी सांगत नाही. आणि २०१३ मध्ये त्याच देशातल्या एका मोठ्या अभ्यासात तर सांभाळणाऱ्यांचा मृत्युदर एकूणात इतरांपेक्षा कमी आला. म्हणजे सांभाळणं हेच विष आहे असं नाही, ते कुठल्या परिस्थितीत, किती एकट्याने, किती झोपेवाचून करतोय यावर आहे. शरीरावर परिणाम होतो हे मात्र खरंच, १९९५ चा एक छोटा अभ्यास आहे, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या १३ बायका आणि तशाच वयाच्या दुसऱ्या १३, सगळ्यांच्या त्वचेवर एक बारीकशी सारखी जखम केली, सांभाळणाऱ्या बायकांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. मी हे वाचलं तेव्हा खूप दिवस डोक्यातून गेलं नाही. म्हणून त्या प्रश्नावलीला नुसती फॉर्मॅलिटी समजू नका, खरी उत्तरं द्या.

पण खरी उत्तरं देता यावीत अशी सोयही त्यांनी करायला हवी. माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या काळात एका बाईंची ही प्रश्नावली मी नवरा शेजारच्या खुर्चीत बसलेला असताना घेतली, खोल्या कमी होत्या, गर्दी होती, मला वाटलं त्यांना आता कुठे कळतंय. बाईंनी सगळीकडे शून्य सांगितलं. मग लिफ्टपाशी मला थांबवून म्हणाल्या, मी त्यांच्यासमोर कसं सांगू, ते ऐकतात. आणि तिथेच रडल्या. त्यांची ती उत्तरं मी परत घेतली नाहीत, तशी घेता येतही नव्हती, पण का शून्य आली ते डॉक्टरांना सांगून फाइलमध्ये नोंदवलं, आणि तेव्हापासून वेगळी खोली मिळेपर्यंत मी ती प्रश्नावली काढतच नाही. तुम्हीही मागा वेगळी खोली. तुमच्या हक्काचं आहे ते.

याच्या जोडीला अजून विचारा की माझी उत्तरं कुठल्या फाइलमध्ये जातात, बाबांच्या की वेगळ्या? बाबांनी किंवा दुसऱ्या भावंडाने फाइल मागितली तर त्यांना ती दिसतात का? आणि मी असं काही बोलले की ज्यातून बाबांना किंवा मला धोका आहे असं वाटेल, एखाद्या रात्री हात उचलला गेला किंवा जगणं नको वाटतंय, तर तुम्ही ते कोणाला सांगणार? गोपनीयतेला इथे मर्यादा असते आणि ती असलीच पाहिजे, पण ती तुम्हाला आधी माहीत हवी. एखादा प्रश्न सोडून दिला तरी चालतो हेही बहुतेकांना माहीत नसतं.

माहितीचा हा प्रश्न उलट्या बाजूनेही येतो. अमेरिकेत व्हर्जिनिया कॉमनवेल्थ युनिव्हर्सिटीत जुळ्यांवर संशोधन चालू होतं, एका मुलीला आलेली प्रश्नावली तिच्या वडिलांनी वाचली, त्यात वडिलांच्याच आजारांबद्दल प्रश्न होते, त्यांना नैराश्य होतं का वगैरे. त्यांनी तक्रार केली की माझी माहिती गोळा करताय आणि मला विचारलंही नाही. त्यावरून २००० च्या आसपास तिथलं संशोधन थांबवावं लागलं होतं. म्हणजे बघा, सही करणारा एक आणि माहिती दुसऱ्याची असं घरच्यांच्या संशोधनात सतत होतं. तुमच्याकडून बाबांबद्दल घेतात तसंच घराण्यात अजून कोणाला हा आजार होता असं विचारतील तेव्हा आत्या-काकांची गोष्टही त्यात जाते. नावं न देता सांगता येतं, तसंच सांगा.

ट्रायलमध्ये तुमच्यासाठी म्हणून काही कार्यक्रम असेल, समुपदेशन, गट, फोनवर बोलणं, तर तो उपचार आहे की तोही प्रयोग आहे हे विचारा. चांगल्या हेतूने केलेलं सगळं चांगलंच ठरतं असं नाही. फ्रान्समध्ये २२ अतिदक्षता विभागांमध्ये एक अभ्यास झाला, पेशंट गेल्यानंतर डॉक्टर आणि नर्सने हाताने लिहिलेलं सांत्वनाचं पत्र काही नातेवाइकांना पाठवलं, काहींना नाही. आपल्याला वाटेल यात वाईट काय होणार. सहा महिन्यांनी पत्र मिळालेल्यांमध्ये नैराश्याची आणि आघाताची लक्षणं जास्त निघाली. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. उलट बाजूचंही सांगते, न्यूयॉर्कमध्ये स्मृतिभ्रंशाच्या पेशंटच्या ४०६ जोडीदारांवर वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासात समुपदेशन, घरच्या सगळ्यांना एकत्र बसवणं, गट आणि गरज पडेल तेव्हा फोन करायची सोय इतकं मिळालेल्यांच्या घरी पेशंटला नर्सिंग होममध्ये हलवायची वेळ साधारण ५५७ दिवस पुढे गेली. म्हणजे दीड वर्षापेक्षा जास्त. कुठलंही औषध न देता. म्हणून सांभाळणाऱ्यांवर नीट संशोधन व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं, फक्त त्यांना विचारून, त्यांना माणूस धरून.

तर आत्तापर्यंतचं एका दमात: निर्णयात तुम्ही बाबांचा आवाज आहात, स्वतःचा नाही. माहिती देताना तुम्ही साक्षीदार आहात, त्यामुळे घडलेलं सांगायचं. आणि प्रश्नावली तुमच्याबद्दल असेल तेव्हा तुम्ही स्वतः सहभागी आहात, तिथे नाही म्हणायचा पूर्ण हक्क.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, नाही जमलं तर. दर दोन आठवड्यांनी सलाइनमधून औषध असेल आणि १८ महिने असेल तर नुसत्या औषधासाठीच ३९ च्या आसपास फेऱ्या होतात, एमआरआय आणि तपासण्या वेगळ्या. नोकरी, मुलं, स्वतःचं आजारपण यात कुणाचंही कधीतरी अडणार. तुम्ही फक्त तुमच्यावरच्या प्रश्नावल्यांमधून बाहेर पडलात तर सहसा बाबांच्या जागेला धक्का लागत नाही, कारण तो भाग बहुतेक वेळा ऐच्छिक असतो. पण स्टडी पार्टनर असणं ही मुख्य ट्रायलची अट असेल, आणि अल्झायमरमध्ये ती असतेच जवळजवळ, तर तुमच्या जागी दुसरं कोणीतरी लागतं, आणि कोणीच नसेल तर काही प्रोटोकॉलमध्ये पेशंटला थांबवावं लागतं. म्हणून पहिल्याच दिवशी दुसऱ्या माणसाचं नाव देऊन ठेवा आणि त्याला दोन-तीनदा सोबत न्या. बाहेर पडल्यावर बाबांच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही हे संमतीपत्रात लिहिलेलंच असतं, ते ओळीवर बोट ठेवून दाखवा म्हणावं. तोवर गोळा झालेली माहिती मात्र बहुतेक वेळा ठेवून घेतात, तेही तिथेच लिहिलेलं असेल.

आणि एक गोष्ट कोणीच विचारत नाही, तुम्ही विचारा. ट्रायल संपल्यावर काय? दीड वर्ष दर पंधरा दिवसांनी कोणीतरी तुम्हाला कशा आहात विचारतं, आणि मग एका दिवसात ते बंद होतं. माझ्याकडे लोक त्यानंतर महिनाभर फोन करतात, काम काहीच नसतं, नुसतं बोलायचं असतं. शेवटच्या व्हिजिटनंतर कोणाला फोन करायचा, निकाल आम्हाला कळवणार का, बाबांना औषध मिळालं होतं की प्लासीबो ते सांगणार का, आणि मध्येच बाबांचं काही बरंवाईट झालं तर माझ्याशी पुन्हा संपर्क करणार का, कधी, आणि नको असेल तर आत्ताच तसं लिहून देता येईल का. हे शेवटचं विचारताना तोंडातून शब्द निघत नाही हे मला माहीत आहे. कागदावर लिहून न्या आणि तो कागद कोऑर्डिनेटरच्या हातात द्या, चालतं तसं, माझ्याकडे बरेच जण तसेच देतात. दुसरं संमतीपत्र घरी न्यायला मागा, दोन दिवस ठेवा, बाबांसोबत वाचा. एखादी ओळ अडली तर ती ओळ तशीच्या तशी इथे लिहा, बाबांचं नाव आणि हॉस्पिटलचं नाव न टाकता, मी बघते.